वस्तीची शाळा: ब्राँक्सचं हिप हॉप, आपला जलसा आणि मधला हिशोब

हिप हॉपचा इतिहास सांगणारे बहुतेक जण ११ ऑगस्ट १९७३ पासून सुरुवात करतात. न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सची १५२० सेजविक अॅव्हेन्यू ही इमारत, तिथला भाडेकरूंचा सामाईक हॉल, सिंडी कॅम्पबेल या मुलीनं ठेवलेली पार्टी आणि रेकॉर्ड वाजवणारा तिचा अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क. तारीख बरोबर आहे. पण तिथून सुरुवात केली की ती एका हुशार पोराची गोष्ट होते. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनाही असलीच गोष्ट आवडते: झोपडपट्टीतला पोरगा, अंगात कला, एक दिवस नशीब उघडलं. हुशार पोरं प्रत्येक वस्तीत असतात. त्या भागातल्या पोरांवर आपली शाळा आपणच काढायची वेळ का आली, हा खरा प्रश्न आहे. म्हणून मी पार्टीपासून नाही, एका रस्त्यापासून सुरुवात करते.

रॉबर्ट मोझेस हा न्यूयॉर्कचा सर्वशक्तिमान नियोजनकार. एकही निवडणूक न जिंकता त्यानं कित्येक दशकं त्या शहराचा नकाशा आपल्या मर्जीनं बदलला. १९४८ मध्ये त्यानं ब्राँक्सच्या पोटातून क्रॉस ब्राँक्स एक्सप्रेसवे काढायला घेतला. ईस्ट ट्रेमॉन्ट भागातल्या केवळ एका मैलाच्या पट्ट्यासाठी दीड हजारांवर कुटुंबं उठवली गेली. थोडं बाजूनं वळण घेतलं तर बहुतेक घरं वाचतील, असा पर्याय रहिवाशांनी समोर ठेवला होता. तो फेटाळला. त्या घरांत प्रामुख्यानं ज्यू कामगार कुटुंबं राहत होती. ज्यांच्याकडे पैसा आणि गोरी कातडी होती, ते उपनगरांकडे निघून गेले. मॅनहॅटनमधल्या जुन्या वस्त्या 'सुधारणे'च्या नावाखाली पाडल्या जात होत्या. तिथून हुसकावलेली काळी आणि पोर्टो रिकन कुटुंबं ब्राँक्समध्ये आली. बँकांनी या भागाला कर्ज देणं बंद केलं होतं. घरमालकांना भाड्यापेक्षा विम्याचे पैसे जास्त वाटू लागले आणि इमारती पेटू लागल्या.

इमारती पेटत असतानाच महापालिकेनं तिथली अग्निशमन केंद्रं कमी केली. रँड नावाच्या संशोधन संस्थेच्या गणिती प्रारूपाचा त्यासाठी आधार घेतला गेला. म्हणजे आग लागू देण्याचा निर्णयसुद्धा 'शास्त्रीय' होता. १९७० साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे सल्लागार डॅनियल मॉयनिहन यांनी एका टिपणात सुचवलं की वंशाच्या प्रश्नाकडे काही काळ सौम्य दुर्लक्ष केलं तर बरं होईल. दुर्लक्ष सौम्य कोणासाठी होतं ते जनगणनेनं सांगितलं. १९७० ते १९८० या दहा वर्षांत ब्राँक्समधल्या सात जनगणना विभागांनी आपल्या ९७ टक्क्यांहून जास्त इमारती गमावल्या.

आता शिक्षणाकडे वळू. १९६९ मध्ये काळ्या आणि पोर्टो रिकन विद्यार्थ्यांनी सिटी कॉलेज ताब्यात घेऊन आंदोलन केलं आणि त्यामुळे १९७० पासून न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचे दरवाजे सर्वांना उघडले गेले. या विद्यापीठात फी नव्हती. १९७५ मध्ये महापालिका दिवाळखोरीच्या काठावर आली. हजारो शिक्षकांना घरी पाठवलं गेलं आणि नेहमीप्रमाणे पहिला बळी गेला तो संगीत आणि चित्रकलेच्या शिक्षकांचा. १९७६ पासून विद्यापीठानं फी सुरू केली. तारखांचा क्रम नीट बघा. गोऱ्या विद्यार्थ्यांना पिढ्यान्पिढ्या फुकट शिकवणाऱ्या शहराला काळी पोरं आत आल्यावर सहाच वर्षांत शिक्षण परवडेनासं झालं. शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर महिनोन्महिने 'प्रलंबित' हा शब्द बघणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

हिप हॉप या राखेतून उगवलं असं म्हणायची पद्धत आहे. मला ते वाक्य अर्धंच खरं वाटतं. राखेतून आपोआप काही उगवत नाही. कोणीतरी ते बसून शिकतं आणि दुसऱ्याला शिकवतं.

त्याआधी एक गोष्ट घडली होती आणि ती सहसा सांगितली जात नाही. साठच्या दशकाच्या अखेरीपासून ब्राँक्सच्या रस्त्यांवर टोळ्यांचं राज्य होतं. गल्ली ओलांडणंही जिवावर बेतायचं. डिसेंबर १९७१ मध्ये 'घेटो ब्रदर्स' या टोळीचा शांतिदूत कॉर्नेल बेंजामिन, ज्याला सगळे ब्लॅक बेंजी म्हणत, भांडण सोडवायला गेला आणि मारला गेला. सगळ्यांना वाटलं आता रक्ताचा सडा पडणार. पण घेटो ब्रदर्सनी सूड घ्यायचं नाकारलं. ८ डिसेंबर १९७१ रोजी हो अॅव्हेन्यूवरच्या एका मुलांच्या क्लबमध्ये टोळ्यांचे म्होरके एकत्र बसले आणि त्यांनी तह केला. तो शंभर टक्के पाळला गेला नाही, पण या गल्लीतून त्या गल्लीत जाणं शक्य झालं. पोरं दुसऱ्याच्या वस्तीत पार्टीला जाऊ लागली. हर्कच्या हॉलमध्ये पोरं येऊ शकली त्यामागे हा तह होता. आधी कोणीतरी वैर मिटवावं लागतं, मग ढोल वाजतो.

आता ती पार्टी. सिंडीला शाळा उघडण्याआधी नवे कपडे घ्यायचे होते, म्हणून तिनं हॉल भाड्यानं घेतला, हातानं लिहून आमंत्रणं वाटली आणि तिकीट लावलं: मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. हिप हॉपची पहिली आयोजक, खजिनदार आणि प्रचारप्रमुख एक मुलगी होती. इतिहासात मात्र तिचा उल्लेख 'हर्कची बहीण' एवढाच येतो. आपल्या चळवळीतल्या बायांना ही ओळख नवी नाही.

हर्कचा जन्म किंग्स्टनचा, जमैकातला. तिथं गरीब वस्त्यांत साऊंड सिस्टीमची परंपरा होती. मोठे कर्णे रस्त्यावर लावायचे, रेकॉर्ड वाजवायची आणि वरून माईकवर बोलायचं. १९६७ मध्ये तो न्यूयॉर्कला आला. त्याच्या लक्षात आलं की गाण्यातला एकच तुकडा पोरांना सर्वांत जास्त नाचवतो, जिथं गायक थांबतो आणि फक्त ढोल-ताशे उरतात. त्यानं एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्ड दोन तबकड्यांवर ठेवल्या आणि तो काही सेकंदांचा तुकडा पुन्हापुन्हा वाजवून लांबवला. या तुकड्याला ब्रेक म्हणतात, आणि त्यावर नाचणारे ते ब्रेक-बॉय, म्हणजे बी-बॉय.

जोसेफ सॅडलर, म्हणजे ग्रँडमास्टर फ्लॅश, बार्बाडोसमध्ये जन्मलेला. तो ब्राँक्सच्या सॅम्युअल गॉम्पर्स या व्यावसायिक शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकत होता. म्हणजे आपल्या भाषेत आयटीआयचा पोरगा. शाळेनं त्याला दुरुस्तीचं काम शिकवलं, त्यानं त्या ज्ञानातून वाद्य बनवलं. टाकून दिलेले सुटे भाग गोळा करून, दुसरी रेकॉर्ड लोकांना ऐकू येण्याआधी आपल्या कानात ऐकता यावी अशी जोडणी त्यानं तयार केली. रेकॉर्डवर मेणाच्या खडूनं खूण करून तुकडा नेमका कुठं सुरू होतो ते तो ठरवायचा. त्याच्या हाताखाली शिकलेल्या थिओडोरनं रेकॉर्ड पुढंमागं घासून निघणारा खरखर आवाज हेच वाद्य केलं. तबकडी हे ऐकायचं यंत्र होतं, या पोरांनी त्याला वाजवायचं वाद्य केलं. ज्या शहरानं त्यांच्या शाळांतून संगीताचे शिक्षक काढले, त्या शहराच्या कचऱ्यातून त्यांनी संगीतशाळा उभी केली.

ही शाळा कशी चालायची ते बारकाईनं बघण्यासारखं आहे. नवा पोरगा आधी रेकॉर्डचे खोके वाहायचा. खोके वाहता वाहता कोणती रेकॉर्ड कुठली, ते कळायचं. मग तारा जोडायला मिळायच्या. मग कधीतरी पार्टी सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं हात साफ करायला मिळायचा. भिंतीवर रंग मारणाऱ्यांकडे काळ्या वह्या असत. त्यात थोरल्या कलाकाराकडून अक्षर काढून घ्यायचं आणि ते गिरवत बसायचं. नाचणारे आणि यमक जुळवणारे गोल करून उभे राहत, त्याला सायफर म्हणतात. गोलात पुढची रांग नसते आणि मागचा बाकही नसतो. ज्याची पाळी येईल तो मधे येतो, बाकीचे टाळ्यांनी ताल धरतात. तो चुकला तर पुढचा त्याला सावरून घेतो किंवा त्याची टर उडवतो. एकाच वेळी सगळे शिक्षक आणि सगळे परीक्षक. जन्मभर मागच्या बाकावर बसवलेल्या माणसाला या रचनेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

याच काळात आफ्रिका बंबाटा या पूर्वीच्या टोळीनायकानं ब्राँक्स रिव्हर हाउसेस या सरकारी वसाहतीत झुलू नेशन उभी केली. डीजे, एमसी, नाच आणि ग्राफिटी ही चार अंगं, आणि पाचवं अंग ज्ञान, ही मांडणी तिथून पसरली. पण इथं थांबून एक कटू गोष्ट नोंदवली पाहिजे. २०१६ मध्ये अनेक पुरुषांनी जाहीरपणे आरोप केला की लहानपणी बंबाटांनी त्यांच्यावर लैंगिक अत्याचार केले. बंबाटांनी आरोप नाकारले. पण संघटनेला त्यांना नेतृत्वापासून दूर करावं लागलं. वस्तीत पोरांसोबत कलेचं काम करणाऱ्या प्रत्येकानं हा भाग वाचलाच पाहिजे, कारण 'आपला माणूस आहे, चळवळीचं नाव खराब होईल' हे वाक्य जगातल्या सगळ्या चळवळींत सारखंच असतं. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत राजकारणातल्या भक्तीबद्दल जो इशारा दिला, तो शाहीर, गायक आणि रॅपर यांनाही लागू आहे.

ब्राँक्सच्या त्या इमारतीपासून दक्षिणेला काही मैलांवर कोलंबिया विद्यापीठ आहे. हार्लेम त्याला लागून. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब तिथं शिकत होते आणि जॉन ड्यूई यांच्या वर्गात बसत होते. ड्यूईंचं 'डेमोक्रसी अँड एज्युकेशन' १९१६ मध्ये आलं. शिक्षण म्हणजे जगण्याची तयारी नव्हे, तर जगणंच, आणि लोकशाही म्हणजे एकमेकांच्या अनुभवात सहभागी होत जगण्याची रीत, हा त्यातला धागा. त्याचे पडसाद 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये स्पष्ट ऐकू येतात. त्याच कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजमध्ये शंभरेक वर्षांनी क्रिस्टोफर एमडिन हा न्यूयॉर्कच्या वस्त्यांत वाढलेला काळा प्राध्यापक सायफरचा वर्ग चालवत होता. वू-टँग क्लॅनचा रॅपर जीझा याच्यासोबत त्यानं शहरातल्या दहा सरकारी शाळांत विज्ञानाच्या रॅपची स्पर्धा सुरू केली. पोरांनी गुरुत्वाकर्षण आणि पेशी यांवर बंद लिहायचे, आणि ते लिहायचे तर धडा कळायलाच हवा. बाबासाहेबांमुळे हिप हॉप झालं असला खुळा दावा मी करत नाही. फेसबुकवर तसलेही दावे फिरतात, ते फिरवू नका. माझं म्हणणं एवढंच आहे की बाबासाहेब ज्या विचारातून शिक्षणाकडे बघत होते, त्या विचाराच्या घरात रॅप परका नाही.

काळ्या चळवळीशी आपलं नातं कागदोपत्री आहेच. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे निग्रो समाजानं केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. आणि हिप हॉपच्या आधीही काळ्यांनी कलेची शाळा जाणीवपूर्वक काढली होती. १९६५ मध्ये माल्कम एक्स यांच्या हत्येनंतर अमिरी बराका यांनी हार्लेममध्ये ब्लॅक आर्ट्स रेपर्टरी थिएटर आणि शाळा सुरू केली. ती फार काळ चालली नाही, पण रस्त्यावर नाटक आणि कविता नेण्याचा रस्ता तिनं दाखवला.

आता आपल्याकडची बाजू. रॅप ही परकी नक्कल आहे, आपल्या पोरांनी जलसा करावा, असं आपल्यातली बरीच वडीलधारी माणसं म्हणतात. त्यांचा राग मला समजतो, पण त्यांचा इतिहास अर्धा आहे. पेटी तरी आपली कुठं आहे? हार्मोनियम युरोपातून आली. भीमगीतांच्या गायनपार्ट्यांनी कव्वालीचा ढंग घेतला, चित्रपटांच्या चाली घेतल्या. सत्यशोधक जलशानं तमाशाचं अंग घेऊन त्यातला आशय बदलला, आणि आंबेडकरी जलशानं तोच सांगाडा घेऊन त्यातून गणपती आणि गवळण बाहेर काढली. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी १९३० च्या दशकात गावोगाव नेलेला जलसा काय शिकवत होता? महाड आणि काळाराम मंदिराची हकीकत, मेलेल्या जनावराचं मांस का सोडायचं, दारूत घर कसं बुडतं, पोरीला शाळेत का घालायचं. ज्या माणसांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी जलसा हेच 'जनता' पत्र होतं. वामनदादा कर्डकांना अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत आल्यावर. आणि त्या माणसानं हजारो गाणी लिहिली. विद्यापीठानं त्यांना घडवलं नाही. वस्तीनं, जलशानं आणि रात्रीच्या कार्यक्रमांनी घडवलं.

वस्तीत गाण्याचा सामना ही गोष्टही आपल्याला ब्राँक्सकडून शिकायची गरज नाही. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब होते, भीमजयंतीला दोन गायनपार्ट्यांचा दुरंगी सामना होत असे. समोरच्याच्या ओळीला जागच्या जागी ओळीनं उत्तर द्यायचं हे कसब आपल्या आजोबांना येत होतं. अमरावतीचा एखादा पोरगा वऱ्हाडीत रॅप करतो तेव्हा त्याच्या जिभेत ते कसब असतं, त्याला ते माहीत असो वा नसो. ते त्याला माहीत करून देणं हेच आपलं काम आहे. त्याला नक्कलखोर म्हणून हाकलायचं आणि मग तो कंपनीच्या दारात गेला की 'विकला गेला' म्हणायचं, हे आपण किती दिवस करणार?

एक गोष्ट मात्र वडीलधाऱ्यांच्या बाजूनं सांगायला हवी. बाबासाहेबांनी कला आणि इभ्रत यांची फारकत मान्य केली नव्हती. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून देऊ केलेली मदत त्यांनी नाकारली, कारण तो पैसा महार बाईला फडावर नाचवून आलेला होता, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. त्या नकाराकडे स्त्री कलावंतांच्या बाजूनं बघितलं तर काही अवघड प्रश्न उभे राहतात. शैलजा पाईक यांनी आपल्या संशोधनात ते मांडलेही आहेत. पण रॅप करणाऱ्या आपल्या पोरांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं की व्यवस्थेला शिव्या घालता घालता आईबहिणीवरून शिव्या घातल्या तर त्या गोलात मुलगी पाय ठेवणार नाही. ब्राँक्समध्ये शा-रॉक ही मुलगी 'फंकी फोर प्लस वन'मध्ये एमसी होती, आणि हाच गट १९८१ मध्ये 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'वर झळकला. सुरुवातीला मुली गोलाच्या आत होत्या. बाजारानं त्यांना व्हिडिओतल्या शोभेच्या बाहुल्या केलं.

बाजाराचा पहिला मोठा हात १९७९ मध्ये पडला. न्यू जर्सीच्या शुगरहिल कंपनीनं 'रॅपर्स डिलाइट' ही रेकॉर्ड काढली आणि जगानं रॅप पहिल्यांदा ऐकला. त्यात बिग बँक हँक जे म्हणतो ते बरंचसं ब्राँक्सच्या ग्रँडमास्टर काझच्या वहीतलं होतं. काझनं आपल्या टोपणनावाची अक्षरं ओळीत गुंफली होती, हँकनं तीसुद्धा तशीच म्हटली. म्हणजे चोरीच्या मालावर मालकाचं नाव कोरलेलं होतं, आणि तरी काझला त्या रेकॉर्डवर ना श्रेय मिळालं ना मोबदला. सहा वर्षं ज्या शाळेत कोणी फी घेतली नव्हती, त्या शाळेची पहिली पदवी दुसऱ्याच्याच नावावर निघाली.

बेचाळीस वर्षांनी आपण हेच पुन्हा पाहिलं. तमिळनाडूत दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकारानं 'कास्टलेस कलेक्टिव्ह' उभा राहिला आणि जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईत त्याचा पहिला मोठा कार्यक्रम झाला. गाना, रॅप आणि रॉक एकत्र, आणि नाव घेतलं ते पंडित अयोत्थी दास यांच्या 'जातिविहीन तमिळ' या संकल्पनेतून. या गटातल्या अरिवूनं २०२१ मध्ये 'एन्जॉय एन्जामी' लिहिलं आणि गायलं. श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबलेल्या आपल्या आजीची, भूमिहीन माणसांची आठवण त्यात आहे. गाणं कोट्यवधी लोकांनी ऐकलं. त्याच वर्षी 'रोलिंग स्टोन इंडिया'नं मुखपृष्ठ काढलं तेव्हा त्यावर अरिवू नव्हता. बोंबाबोंब झाल्यावर त्याच्यासाठी वेगळं मुखपृष्ठ काढावं लागलं. शब्द आमचे, आजी आमची, घाम आमचा, आणि फोटोच्या वेळी आम्ही चौकटीबाहेर.

मुंबईत २०१९ मध्ये 'गली बॉय' आला. धारावी दिसली, गरिबी दिसली, जात मात्र कुठंच दिसली नाही. धारावीसारख्या वस्तीची गोष्ट जातीशिवाय सांगायला केवढी मेहनत लागली असेल! विद्यापीठात दिलेल्या आझादीच्या घोषणांवरून त्यात एक गाणं आहे. मूळ घोषणांतले मनुवाद आणि ब्राह्मणवाद हे शब्द चित्रपटात येईपर्यंत गळून पडले. भुकेपासून आझादी चालते, जातीपासूनची चालत नाही.

चित्रपटाच्या आधीपासून धारावीत मोफत हिप हॉप वर्ग चालत होते. 'स्लमगॉड्स'च्या पोरांनी लहानग्यांना बी-बॉयिंग शिकवलं. पुढे क्यूकी आणि युनिव्हर्सल म्युझिक या कंपन्यांच्या पाठबळावर 'द धारावी प्रोजेक्ट' आला, त्याचीही शाळा सुरू झाली. या वर्गांमुळे कित्येक पोरं स्टेजवर उभी राहिली हे नाकारणं कोतेपणाचं होईल. पण आंबेडकरी कार्यकर्त्यानं तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत: गाण्याचे हक्क कोणाकडे राहतात, वर्ग बंद करायचा निर्णय कोण घेतं, आणि पोरानं उद्या जातीवर लिहिलं तर तोच माईक त्याच्या हातात राहतो का? आमच्या भागात एका संस्थेनं मुलांच्या सादरीकरणाचं चित्रीकरण करून नेलं. पुढं ते निधी गोळा करायच्या जाहिरातीत दिसलं, खाली मुलांची नावंही नव्हती. पालकांना विचारलं होतं का, असं आम्ही विचारल्यावर उत्तर आलं की मुलांना 'एक्स्पोजर' मिळालं. काझलाही तेच मिळालं होतं.

जातीवर किंवा सत्तेवर बोलल्यावर काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार करून दहा माणसं मारली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी स्वतःला संपवलं. २०१३ मध्ये कबीर कला मंचाच्या शीतल साठे आणि सचिन माळी यांना विधान भवनासमोर हजर होऊन अटक पत्करावी लागली. २०२३ मध्ये राज मुंगासे याच्या मराठी रॅपवरून अंबरनाथमध्ये गुन्हा दाखल झाला आणि उमेश खाडे याला पोलिसांनी चौकशीला बोलावलं. रॅप परका आहे की आपला, यावर आपण वाद घालत बसलो. पोलिसांनी मात्र त्याला शाहिरीच्याच रांगेत उभं केलं.

'डीजे' या शब्दाकडेही जरा बघू. ब्राँक्समध्ये डीजे म्हणजे माणूस. तो सुटे भाग जोडायचा, रेकॉर्ड शोधायचा, गर्दीचा श्वास ओळखायचा. आपल्या वस्तीत डीजे म्हणजे भाड्यानं आणलेली कर्ण्यांची भिंत. १४ एप्रिलला घरोघर वर्गणी काढून ती एका रात्रीसाठी येते, छातीत धडधड भरते आणि सकाळी टेम्पोत बसून निघून जाते. मागे काय उरतं? डीजे नको म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. वर्षातून एक दिवस आपला आवाज सगळ्या शहराला ऐकू जातो, त्याची किंमत मला कळते. पण त्या वर्गणीचा एक हिस्सा बाजूला काढून एक माईक, एक जुना संगणक आणि विहाराच्या हॉलमध्ये आठवड्याचे दोन दिवस एवढं उभं राहू शकतं. त्यात वामनदादांची गाणी पाठ होतील, त्यांची यमकं कशी बसतात ते पोरं मोजतील, मग स्वतःची ओळ लिहितील. एक वही ठेवायची: ओळ कोणाची, चाल कोणाची, रेकॉर्ड कोणी केली, तारीख काय. मुलींची वेळ संध्याकाळी उजेडात. लहान मुलांसोबत कोणीही मोठा माणूस एकटा बसणार नाही, मग तो कितीही मोठा शाहीर असो. हिशोब फळ्यावर.

आणि हे सगळं शाळेच्या बदल्यात नाही. काही लोक हिप हॉपचं कौतुक अशा थाटात करतात की जणू वस्तीच्या पोरांना पुस्तकापेक्षा नाचच जास्त झेपतो. हा जुना ब्राह्मणी कावा आहे: तुमच्या अंगातच कला आहे, तुम्हाला पदवी कशाला? अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठानं २००७ मध्ये 'फर्स्ट वेव्ह' सुरू केलं. हिप हॉप आणि काव्यवाचन करणाऱ्या मुलांना त्यात चार वर्षांची फी माफ करून पदवीला प्रवेश मिळू लागला. कला तिथं विद्यापीठाचं दार उघडायला वापरली, बंद करायला नाही. ओडिशाच्या कोरापुटमधून आलेला सुमीत समोस जातीवर रॅप करत जेएनयूत शिकला आणि पुढे ऑक्सफर्डला गेला. त्याच्यासाठी हे दोन वेगळे रस्ते नव्हते.

शेवटी पुन्हा त्या इमारतीकडे यावं लागेल, कारण तिची गोष्ट १९७३ ला संपली नाही. १५२० सेजविक ही परवडणाऱ्या भाड्याच्या योजनेतली इमारत होती. २००७ च्या सुमारास मालकानं ती योजनेतून काढून बाजारभावानं विकायचं ठरवलं. भाडेकरूंनी संघटना बांधली. कूल हर्क त्यांच्या बाजूनं उभा राहिला. ही इमारत हिप हॉपचं जन्मस्थान आहे, ही गोष्ट त्यांनी पर्यटकांसाठी नाही तर खटाटोपासाठी वापरली: ऐतिहासिक वास्तू म्हणून नोंद व्हावी, राजकारण्यांनी दखल घ्यावी, विक्री अडावी. २००८ मध्ये इमारत तरीही एका गुंतवणूकदाराकडे गेली आणि तिची दुरवस्था झाली. लोक हटले नाहीत. महापालिकेच्या कर्जाच्या मदतीनं २०११ पर्यंत ती परवडणारी घरं राखणाऱ्या नव्या मालकाकडे आली. पन्नास वर्षांपूर्वीची एक पार्टी भाडेकरूंच्या कामी आली ती अशी.

धारावीच्या पुनर्विकासाचं काम २०२३ मध्ये अदाणी समूहाकडे गेलं. १ जानेवारी २००० नंतरच्या रहिवाशांना जागच्या जागी मोफत घर नाही, त्यांना धारावीबाहेर जावं लागेल. सर्वेक्षणात घर मोजतात, गाळा मोजतात. ज्या माळ्यावर पोरं नाच शिकली, ज्या विहाराच्या हॉलमध्ये गायनपार्टीची पेटी ठेवलेली असते, ज्या चौकात १४ एप्रिलचं स्टेज लागतं, त्यांचा रकाना त्या अर्जात नाही. धारावीतल्या आणि पुनर्विकासाच्या यादीत आलेल्या इतर वस्त्यांतल्या मंडळांनी या जागांची नोंद स्वतःच करायला घ्यावी: जागा कोणती, कधीपासून, तिथं कोण काय शिकलं, कोणत्या शाहिरानं कधी कार्यक्रम केला, जुनी पत्रकं आणि फोटो कोणाच्या घरी आहेत. जुने गायक अजून हयात आहेत तोवर त्यांच्या समोर फोन ठेवून ते बोलतील तसं रेकॉर्ड करून घ्या. आणि त्या नोंदीची एक प्रत हरकतींसोबत जोडा.